ट्रॅक ८७३ चा वन्स मोअर

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून चिडतो. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाच्या गाडीवर मागे कोणीतरी येऊन बसतं... मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आहे. "आपोआप बंद पडतो हो" म्हणून कोणी मशीन घेऊन आलं की मी आधी प्लग बघतो. दहापैकी नऊ वेळा प्लगच सैल असतो. दहाव्या वेळी आत उंदराने संसार मांडलेला असतो. 'आपोआप' नावाची गोष्ट मी आजवर पाहिली नाही, आणि आजही मी अशा गोष्टी मानतो असं नाही. फक्त एका फाइलचा हिशेब मला लागत नाही, म्हणून लिहायला बसलोय. कोणाला तांत्रिक कारण माहीत असेल तर कृपया सांगा. भुताखेतांचं कारण असेल तर राहू द्या.

साल दोन हजार सहा. गाव वडसा, म्हणजे देसाईगंज. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दहा बाय बाराचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक सीडी रायटर, एक प्रिंटर आणि एक यूपीएस, जो वीस मिनिटं चालायचा आणि त्यातली पंधरा मिनिटं नुसता किंचाळायचा. झाडीपट्टी, म्हणजे आमचा पूर्व विदर्भ, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. त्या सगळ्या नाटक कंपन्यांची हापिसं वडशात. सीझनच्या आधी गावात दुसरा विषय नसतो.

माझे आईबाबा दोघंही याच धंद्यातले. बाबा ऑर्गन वाजवायचे, आई नाटकात गायची. मी नऊ वर्षांचा असताना आई काविळीने गेली. तिच्या शेवटच्या सीझनला गोंडपिपरीच्या मंडईत एक प्रयोग झाला होता. मी तापाने फणफणलेला, स्टेजमागे कपड्यांच्या पेटीवर झोपलेलो. आईच्या गाण्याला वन्स मोअर मिळाला. आमच्याकडे वन्स मोअर म्हणजे तेच गाणं परत म्हणणं नव्हे. तेवढ्यात नवा अंतरा रचून म्हणायचा, त्यात त्या गावाचं नाव, नाहीतर फर्माईश करणाऱ्याचं नाव घालायचं. आईने त्या दिवशी गावाचं नाव घातलं नाही. माझं घातलं. मिलिंद.

हे बाबांनी मला कितीतरी वेळा सांगितलं होतं. मी विचारायचो, पण ती म्हणाली काय? बाबांचं उत्तर ठरलेलं. "बोल आमाले कुठी आइकू येते गा. वाजवणारा सूर आइकते. तुयं नाव तेवढं कानात राह्यलं." पुढे पुढे तर त्या अंतऱ्याची चालही त्यांच्या डोक्यातून गेली. आई माझ्याबद्दल काहीतरी बोलली होती, गावभराच्या पब्लिकसमोर बोलली होती, आणि मी सोडून सगळ्यांनी ते ऐकलं होतं. आयुष्यभर मला दुसरं काही नको होतं, तेवढं एक ऐकायचं होतं.

तर त्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी सलीमभाऊ दुकानात आले. सलीमभाऊ म्हणजे साउंड सर्व्हिसवाले. वीस-बावीस वर्षं या भागातल्या नाटकांना माईक-भोंगे त्यांचेच. स्टेजच्या कडेला बसून ते गाणी कॅसेटवर टेप करायचे, निव्वळ हौस म्हणून. त्यांच्या नागपूरच्या जावयाने त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरून एका हार्ड डिस्कवर दिल्या होत्या, पण डब्ल्यूएमए फॉरमॅटमध्ये. आणि सलीमभाऊंनी जो नवा प्लेअर घेतला तो एमपीथ्रीशिवाय काही वाजवायला तयार नव्हता.

"सोळाशे चाळीस गाणे हायेत बेटा. सब एमपीथ्री करून दे. सीझनच्या आधी पायजे."

"आईचे आहेत त्यात?"

"लीलाबाईचे? चाळीस-पन्नास तरी असतीन. तुले अलग सीडी काढून घे ना, विचारतं काय."

गोंडपिपरीचं आहे का, तेही विचारलं. गाणं होतं, वन्स मोअर नव्हता. नसणारच होता. रात्रभराच्या नाटकाला ते तीन कॅसेटी न्यायचे. टेप वाचवायचा म्हणून गाण्याचा शेवटचा सूर संपला, पहिली शिट्टी वाजली की खट्‌कन बटन दाबून मोकळे. टाळ्याच घ्यायचे नाहीत, तर वन्स मोअर कुठून घेणार? हे मला लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे मी आशाही ठेवली नव्हती. अंतऱ्याचे बोल तर त्यांनाही कधी आठवले नव्हते.

कामाला लागलो आणि त्या कामाने माझा जीव काढला. इंटरनेटवरून फुकटचा एक कन्व्हर्टर उतरवला होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, फाइल सापडत नाही. अरे, समोर दिसतेय ती! दीड दिवस डोकं आपटल्यावर कळलं की जावयाने फोल्डरला गावांची नावं मराठीत दिली होती आणि या दीडशहाण्याला मराठी वाचता येत नव्हतं. मी सगळी गावं पुसली आणि फोल्डर एक, फोल्डर दोन असे आकडे टाकले. आतल्या गाण्यांना जावयाने नुसते नंबरच दिले होते. कोणतं गाव कोणत्या आकड्यात गेलं ते कागदावर लिहून ठेवावं इतकीही अक्कल मला त्या वेळी सुचली नाही.

मग लोडशेडिंग. आमच्याकडे तेव्हा सकाळी दोन तास आणि दुपारी बारा ते चार वीज जायची. कन्व्हर्टरला मधेच थांबून तिथून पुढे सुरू करणं माहीत नव्हतं. लाइट गेली की आल्यावर पुन्हा पहिल्या गाण्यापासून. मी हाताला येतील तशा फाइली घेऊन दोनशे-दोनशेचे गठ्ठे केले. मग एका गठ्ठ्यात एक एरर आली की अख्खा गठ्ठा थांबायला लागला. मी तिकडे चहाला गेलो की हा इकडे तिसऱ्याच फाइलवर हात वर करून बसलेला.

बाबांना मी दुकानात आणून बसवलं. ते घरी तरी काय करत होते? हेडफोन दिला आणि म्हटलं, झालेली गाणी ऐकत जा, कुठे तुटलं-फुटलं तर सांगा. ही माझी चूक, असं मला दोनच दिवसांत वाटायला लागलं. कारण बाबा खरंच ऐकायचे.

"मिलू, हे गाणं काळी एकचं होतं. पांढरी दोनमध्ये काऊन वाजून राह्यलं?"

बघतो तर खरंच, गाणं अर्ध्या सुराने वर चढलं होतं. सव्वाशे गाणी किंचित जोरात पळत होती. मला स्वतःला ते सात जन्मात कळलं नसतं. सेटिंग बदललं, सव्वाशे परत केली. पुन्हा दोन दिवसांनी, "शेवटचा सूर अर्धाच येते गा." तेही खरंच. त्याचं असं झालं होतं की काही फाइली कन्व्हर्ट होऊन मुळापेक्षा लांब निघत होत्या. शेवटी दहा-वीस सेकंद नुसती खरखर, नाहीतर गाण्याचा एखादा तुकडा दोनदा. तेवढ्यासाठी कन्व्हर्टरमध्ये एक पर्याय होता, की मूळ फाइल जेवढी आहे तेवढंच ठेव, बाकी काप. मी तो सगळ्यांना लावला होता आणि त्याने चांगल्या गाण्यांचेही शेवट खाल्ले. म्हणजे तेही परत. मग ठरवलं, जी फाइल 'लांबी जुळत नाही' म्हणून अडेल, तेवढीच कापायची.

बाबा दर वेळी बरोबर निघत होते, आणि ते बरोबर निघाले की माझं काम वाढत होतं. दहाव्या दिवसापर्यंत मी त्यांच्यावर वैतागलो होतो. त्यांनी तोंड उघडलं की माझ्या कपाळावर आठी यायची. मी त्यांना तोडून बोललोही एकदोनदा. ते पुढचं गाणं लावायचे.

अकरावा दिवस. दुसऱ्या दिवशी सलीमभाऊ हार्ड डिस्क न्यायला येणार होते. बाराला वीज जाणार आणि साडेअकराला माझा शेवटून दुसरा गठ्ठा अडला. ट्रॅक ८७३. लांबी जुळत नाही. मूळ फाइल पाच मिनिटं दहा सेकंद, झालेली फाइल नऊ मिनिटं छत्तीस सेकंद. म्हणजे जवळपास दुप्पट! मी म्हटलं, चला, आता ह्याने अख्खं गाणंच दोनदा लिहून ठेवलं. शेवटचे दहा सेकंद लावून पाहिले. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी हुर्र करतंय. बंद केलं.

इथे मी थांबायला हवं होतं. सलीमभाऊंच्या गाण्यांत टाळ्या नसतात हे मला माहीत होतं, वर लिहिलंच आहे. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त बारा वाजायचे होते.

मी ती फाइल सवयीने बाबांकडे दिली आणि स्वतः दुसऱ्या मशीनवर शेवटच्या गठ्ठ्याची तयारी करायला लागलो. बाबांनी ती पूर्ण ऐकली. मला ते जाणवलं, कारण मी घड्याळाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की आता आवरा लवकर. शेवटी त्यांनी हेडफोन काढला, गुडघ्यावर ठेवला.

"हे पुरं हाये," ते म्हणाले. "याले हात नको लावू."

"बरं," मी म्हटलं.

ते उठले आणि बाहेर नळावर तोंड धुवायला गेले. मी ट्रॅक ८७३ ला कापायचा पर्याय लावला. 'जुनी फाइल पुसून त्या जागी नवी ठेवायची का?' असं कन्व्हर्टरने विचारलं. मी हो म्हटलं. पाच मिनिटं दहा सेकंद. गठ्ठा सुरळीत पुढे गेला, बाराला दोन मिनिटं कमी असताना संपला, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

वीज गेली. मी बाहेर बाकावर येऊन बसलो, समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. बाबांनी चहा न पिताच कप बाकावर ठेवला.

"मिलू, लाइट आली का ते आणखी एकदा लावून देजो."

"कोणतं?"

"गोंडपिपरीचा वन्स मोअर."

मला वाटलं, उन्हाने काहीतरी बोलताहेत. मी म्हटलं, बाबा, तो रेकॉर्डच नाही. सलीमभाऊ बटन दाबायचे ना.

"मंग मघाशी काय आइकलं म्या? आधी गाणं झालं, मंग वन्स मोअर झाला. तुयं नाव घेतलं तिनं." ते माझ्याकडे बघायला लागले. "मले वाटलं, तूनं कुठून तरी आणून जोडला. माह्यासाठी. तुले डोळे दिसू नाई म्हून नळावर गेलो."

८७३ कोणत्या गावचं होतं ते बघायला मी उठलो, तर वीज नव्हती, आणि असती तरी गावांची नावं मीच पुसली होती.

चार वाजेपर्यंत आम्ही त्या बाकावर बसलो. ते चार तास मी कोणावर लादणार नाही. मधे मी बाबांवर ओरडलो. तुम्ही धड सांगायचं ना, म्हटलं, हात लावू नको एवढंच काय म्हणता!

"तू कुठी आइकत होता," बाबा म्हणाले. तेही रागाने नाही.

चारला वीज आली. ट्रॅक ८७३ लावला. आईचा आवाज. गोंडपिपरीचंच गाणं होतं ते, बाबांनी पहिल्या सुराला मान डोलावली. पाच मिनिटं दहा सेकंदांनी शेवटचा सूर, आणि खट्. पुढे काही नाही. सलीमभाऊंच्या डिस्कवरची मूळ फाइल लावली. तीही तशीच, खट्‌वर संपणारी. मूळ फाइल परत कन्व्हर्ट केली. एकही एरर नाही. 'काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले.' पुन्हा केली. यशस्वी. कापायचा पर्याय काढून केली, जुनं सेटिंग लावून केली, कन्व्हर्टर उडवून परत टाकून केली, अख्खा गठ्ठा पहिल्या फाइलपासून केला. अकरा दिवस एकेका एररला शिव्या दिलेला मी, त्या संध्याकाळी मशीनपुढे हात जोडून बसलो होतो की बाबा रे, एकदा अड. ते काही अडलं नाही.

पुसलेल्या फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर असतं, तेही चालवलं. जुनी फाइल सापडली! नाव तेच, साइज नऊ एमबी, जी पाच मिनिटांच्या गाण्याची असूच शकत नाही. उघडली तर आत काही नाही. नुसती शून्यं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाऊ आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि कन्व्हर्टरची लॉग फाइल दाखवली. लॉग म्हणजे त्याने केलेल्या कामाची नोंद. ती मी आजही जपून ठेवली आहे. तीत स्पष्ट लिहिलं होतं: ट्रॅक ८७३, मूळ पाच-दहा, तयार नऊ-छत्तीस, लांबी जुळत नाही. सलीमभाऊंनी चष्मा वर करून ती ओळ वाचली, मग बाबांकडे पाहिलं.

"मास्तर, मी वन्स मोअर एकबी टेप नाई केला. माहीत हाये ना तुमाले?"

"माहीत हाये," बाबा म्हणाले.

"मंग?"

"मंग काय. आइकलं म्या."

सलीमभाऊंनी डिस्क पिशवीत घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते गेले.

शंका मलाही आहेत. एक म्हणजे कन्व्हर्टरने गाणं दोनदा लिहिलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना म्हाताऱ्या माणसाला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं. हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं. पण दोनदा म्हटलं तर दहा मिनिटं वीस सेकंद व्हायला हवीत, नऊ-छत्तीस नाही. टाळ्या मी माझ्या कानांनी ऐकल्या, आणि त्या गाण्यात टाळ्या नाहीत. दुसऱ्या एखाद्या गाण्याचा तुकडा येऊन चिकटला म्हणावं, तर सोळाशे चाळीस गाण्यांत टाळ्यांनी संपणारं एकही नाही. मी बसून तपासली आहेत, सगळी. डिस्क परत मागून आणून तीन पावसाळे मी ती फाइल वेगवेगळ्या मशीनवर कन्व्हर्ट करतोय. बाबांना शेजारी बसवून, साडेअकराला सुरू करूनही पाहिलंय. काय चुकतं आणि त्या दिवशी काय बरोबर झालं होतं, मला माहीत नाही. जाणकारांना विचारलं तर ते कन्व्हर्टरची आवृत्ती विचारतात. मी सांगतो. मग ते नवी आवृत्ती टाकून बघा म्हणतात.

आणि एक गोष्ट राहिली, तिचं तर कारण मी शोधतही नाही. जी चाल बाबांच्या डोक्यातून केव्हाच गेली होती ती त्या दुपारपासून त्यांना पूर्ण येते. घरी जुनी पेटी आहे. मी म्हटलं की ते वाजवतात. तोंडाने नुसतं ना ना ना, शब्द एकही नाही. ते त्यांच्या हाती कधी लागलेच नाहीत, त्या दुपारीही नाहीत. अंतऱ्याच्या मधोमध एका जागी ते भात्यावरचा हात थोडा सैल करतात, माझ्याकडे बघून मान हलवतात आणि म्हणतात, "इथी." म्हणजे इथे माझं नाव येतं.

मी दर वेळी विचारतो, बाबा, त्याच्या आधी काय म्हणते ती? बाबा सुरुवातीपासून परत वाजवतात.